पांचो गोन्झालेस: ग्रँड स्लॅम दोनच, मग तो इतका मोठा कसा?

एका तरुण प्रशिक्षकाने विचारलं आहे: "माझ्या बॅचमधल्या मुलांना जुन्या खेळाडूंबद्दल सांगताना पांचो गोन्झालेसचं नाव घेतलं. एका मुलाने लगेच मोबाइलवर बघून सांगितलं, 'सर, याच्या नावावर एकेरीच्या दोनच ग्रँड स्लॅम आहेत.' मला उत्तर देता आलं नाही. त्याला मोठा का म्हणायचं? आणि 21व्या वर्षी व्यावसायिक होणं ही त्याची चूक होती का?"

गेली तीस-बत्तीस वर्षं मी पुण्यात मुलांना टेनिस शिकवतो आहे आणि हा प्रश्न मलाही मुलांनी अनेकदा विचारला आहे. तुमच्या विद्यार्थ्याने सांगितलेला आकडा बरोबर आहे. पण त्या आकड्याला जोडून आणखी एक आकडा सांगावा लागतो. गोन्झालेस 1949 च्या शरद ऋतूत व्यावसायिक झाला आणि त्यानंतर थेट 1968 च्या फ्रेंच ओपनमध्ये ग्रँड स्लॅम स्पर्धा खेळला. 1950 ते 1967 ही 18 वर्षं, वर्षाला चार स्पर्धा, म्हणजे 72. त्यात 1968 ची ऑस्ट्रेलियन धरली तर 73. त्याच्या वयाच्या 21 पासून 39 पर्यंत झालेल्या या 73 स्पर्धांमध्ये त्याला पाऊलही ठेवता आलं नाही. जोकोविच, फेडरर किंवा नदालच्या आयुष्यातली एवढीच वर्षं पुसून टाका आणि मग त्यांच्या नावावर किती उरतात ते मुलांना मोजायला सांगा. वर्गात एकदम शांतता पसरते, मी हे करून पाहिलं आहे.

हे असं का होतं ते आधी सांगतो, कारण आजच्या मुलांना ते खरंच वाटत नाही. 1968 पर्यंत विम्बल्डन, अमेरिकन, फ्रेंच आणि ऑस्ट्रेलियन या चारही स्पर्धा आणि डेव्हिस कप फक्त हौशी खेळाडूंसाठी होते. हौशी म्हणजे बक्षिसाची रक्कम न घेणारा. प्रत्यक्षात नावाजलेल्या हौशी खेळाडूंना 'खर्चापोटी' म्हणून पाकिटं मिळत आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण जो उघडपणे करार करून पैसे घेई, त्याच्यासाठी ती दारं कायमची बंद होत. परत फिरण्याची सोय नव्हती.

आता माणूस बघा. रिकार्डो अलोन्सो गोन्झालेस, जन्म 9 मे 1928, लॉस एंजेलिस. आईवडील मेक्सिकोतल्या चिवावा प्रांतातून आलेले. वडील घरांना रंग देण्याचं काम करत, घरात सात भावंडं. बारा वर्षांचा असताना आईने त्याला 51 सेंटची रॅकेट आणून दिली. एक्स्पोझिशन पार्कमधल्या सार्वजनिक कोर्टांवर इतरांचं बघून बघून तो शिकला, रीतसर प्रशिक्षक असा कधी मिळालाच नाही. 'पांचो' हे घरचं नाव नव्हे. त्या काळी अमेरिकेत कुठल्याही मेक्सिकन मुलाला सरसकट पांचो म्हणत, तेच याला चिकटलं. घरचे त्याला रिचर्ड म्हणत.

शाळेत जाणं त्याला जमेना. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या टेनिसचा सगळा कारभार तेव्हा पेरी जोन्स या गृहस्थांच्या हातात होता. लॉस एंजेलिस टेनिस क्लब हे त्यांचं साम्राज्य. शाळा बुडवणाऱ्या मुलाला स्पर्धा खेळता येणार नाही असं सांगून त्यांनी याला बाहेर ठेवलं. पुढे घरफोडीच्या प्रकरणात तो पकडला गेला, सुधारगृहात राहिला, मग नौदलात गेला आणि 1947 मध्ये गैरवर्तनाचा शेरा घेऊन बाहेर पडला. ज्या वयात आपली मुलं 14 आणि 16 वर्षांखालच्या स्पर्धा खेळून घडतात, ती सगळी वर्षं त्याची अशी गेली.

आणि 1948 मध्ये, वयाच्या 20व्या वर्षी, तो न्यू यॉर्कमधल्या फॉरेस्ट हिल्सच्या गवतावर अमेरिकन विजेता झाला. मानांकन आठवं होतं. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या एरिक स्टर्जेसला 6-2, 6-3, 14-12 असं हरवलं. तरीही लोक म्हणाले, हा योगायोग आहे, खरे मोठे खेळाडू नव्हतेच. पुढच्या वर्षी विम्बल्डनला तो चौथ्या फेरीत हरला (दुहेरी मात्र फ्रँक पार्करच्या साथीने जिंकली) तेव्हा त्या बोलण्याला आणखी जोर चढला. 1949 च्या अमेरिकन अंतिम फेरीत समोर टेड श्रोडर होता, त्याच वर्षीचा विम्बल्डन विजेता. पहिला सेट 34 गेमचा झाला आणि गोन्झालेसने तो 16-18 असा गमावला. दुसरा 2-6. आमच्या धंद्यात या क्षणाला फार महत्त्व आहे: तासाहून जास्त झुंजून पहिला सेट गेला की पुढचा सेट पाय गळाल्यासारखा जातोच, आणि त्यातून वर येणारे फार थोडे असतात. त्याने उरलेले तीन सेट 6-1, 6-2, 6-4 असे जिंकले. एकूण 67 गेम.

त्यानंतर काही आठवड्यांतच त्याने करार केला. व्यावसायिक टेनिसचा राजा तेव्हा जॅक क्रेमर होता आणि दौऱ्यांचं आयोजन बॉबी रिग्ज करायचा. रिग्जला क्रेमरसमोर उभं करायला नवा अमेरिकन विजेता हवा होता. गोन्झालेसचं लग्न झालेलं, घरात लहान मूल, हाताला दुसरं काम नाही. त्याने होकार दिला.

हा दौरा म्हणजे काय असायचा ते नीट समजून घ्या, कारण त्या काळची खरी जागतिक विजेतेपदाची लढत तीच होती. कुस्तीत गदा एकाकडे असते आणि नवा मल्ल त्याला आव्हान देतो, तसं. फरक एवढाच की इथे एक कुस्ती होऊन निकाल लागत नसे. तेच दोन खेळाडू एका शहरातून दुसऱ्या शहरात जात आणि महिनोन् महिने एकमेकांशीच खेळत, शंभराच्या आसपास सामने. कोर्टही सोबत न्यायचे: कॅनव्हासचं भलंमोठं कापड ट्रकमध्ये घालून न्यायचं आणि बर्फावरच्या हॉकीच्या मैदानावर किंवा एखाद्या व्यायामशाळेच्या लाकडी जमिनीवर ताणून बसवायचं. खाली काय आहे त्यावर चेंडूची उसळी ठरणार. दिवे कधी धड, कधी मिणमिणते. रात्री सामना, मग रात्रभर गाडी हाकत पुढचं गाव. ज्याच्याकडे दमदार सर्व्हिस आणि व्हॉली (चेंडूचा टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका), तोच अशा घसरड्या जमिनीवर टिकणार.

पहिल्या दौऱ्यात क्रेमरने त्याला अक्षरशः धुतलं. निकाल 96-27. म्हणजे पाच सामन्यांत जेमतेम एक. क्रेमर सात वर्षांनी मोठा, मुरलेला आणि डोक्याने खेळणारा. त्याने गोन्झालेसच्या बॅकहँडवर आणि दुसऱ्या सर्व्हिसवर सतत दबाव ठेवला. पोराकडे ताकद होती, अंगात देवदत्त लय होती, पण रोज रात्री तीच चूक उघडी पडत असताना ती दुरुस्त करायला लागणारी शिस्त अजून नव्हती. पैसे मिळाले, सत्तर हजार डॉलरच्या वर, त्या काळात ही फार मोठी रक्कम. पण दौरा संपला आणि रिग्जला हरलेल्या आव्हानवीराची गरज उरली नाही. क्रेमरपुढे पुढचा आव्हानवीर म्हणून पांचो सेगुरा (हा दुसरा पांचो, इक्वेडोरचा) आला, त्यानंतर फ्रँक सेजमन. गोन्झालेस बाविसाव्या वर्षी अडगळीत. हौशी स्पर्धांत परत जाता येत नाही आणि व्यावसायिक दौऱ्यात बोलावणं नाही.

माझ्या मते त्याच्या कारकिर्दीचं मर्म या 1950 ते 1953 च्या काळात आहे आणि त्याबद्दल सगळ्यांत कमी लिहिलं जातं. तो लॉस एंजेलिसला परतला, एक्स्पोझिशन पार्कमधलं टेनिसचं दुकान चालवायला घेतलं, रॅकेटना जाळीच्या तारा बसवून दिल्या. मिळेल ती व्यावसायिक स्पर्धा खेळत राहिला. लंडनच्या वेम्ब्लीला बंदिस्त कोर्टवर होणारी व्यावसायिक स्पर्धा त्याने 1950, 1951 आणि 1952 अशी सलग तीनदा जिंकली. म्हणजे दौरा त्याला विसरला होता, तरी खेळ मात्र सुधारत होता. मुलं 'सिलेक्शन झालं नाही' म्हणून महिनाभर रॅकेटला हात लावत नाहीत, तेव्हा मी त्यांना ही तीन वर्षं सांगतो.

क्रेमरची पाठ दुखू लागली, तो आयोजनाकडे वळला आणि 1954 मध्ये गोन्झालेसला परत बोलावणं आलं. त्या वर्षीच्या दौऱ्यात त्याने सेगुरा आणि सेजमन दोघांनाही 30-21 असं हरवलं. त्यानंतर तो वर्षानुवर्षं हलला नाही. अमेरिकन व्यावसायिक स्पर्धा त्याने 1953 ते 1959 अशी सलग सात वेळा आणि 1961 मध्ये आठव्यांदा जिंकली.

आव्हानवीर कोण होते तेही बघा. टोनी ट्रॅबर्टने 1955 मध्ये फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन अशा तिन्ही जिंकल्या होत्या, शेवटच्या दोन तर एकही सेट न गमावता. तो करार करून आला आणि गोन्झालेसने त्याला 74-27 असं हरवलं. पैशांचा हिशेब मात्र उलटा होता. ट्रॅबर्टला हमी 80 हजार डॉलरची आणि गोन्झालेसला 15 हजारांची! क्रेमरचं गणित सरळ होतं: तिकिटं खपतात ती नव्या नावावर, राजा तर सगळ्यांनी पाहिलेलाच असतो. गोन्झालेसने क्रेमरशी अनेक वर्षांचा करार करून ठेवला होता, त्यातून सुटायला तो पुढे कोर्टातही गेला आणि तिथे हरला. ज्याला हरवायचं त्याच्या एक पंचमांश पैशांत रोज रात्री जिंकायचं, हा राग त्याच्या मनातून कधी गेला नाही. तो सहकाऱ्यांशी फारसा बोलत नसे, त्यांच्यासोबत प्रवासही करत नसे. गाड्यांचं वेड होतं, स्वतःची गाडी घेऊन एकटाच रात्रीचा पुढच्या गावाला निघायचा. पंचांवर, रेषेवरच्या माणसांवर, कधी प्रेक्षकांवरही भडकायचा. मुलांनी हे उचलू नये असं मला वाटतं, पण ते कुठून आलं हे त्यांना कळायला हवं.

1957 मध्ये केन रोजवॉल आला, 50-26 असा हरला. आणि 1958 मध्ये ल्यू होड. होडचं मनगट आणि खांदे लोहाराचे. 1956 मध्ये तो चारही स्पर्धा एकाच वर्षी जिंकण्यापासून एका सामन्याने चुकला होता, 1957 ची विम्बल्डन जिंकून तो 1 लाख 25 हजार डॉलरच्या हमीवर व्यावसायिक झाला. जानेवारीत ऑस्ट्रेलियात दौरा सुरू झाला आणि होडने गोन्झालेसला मागे टाकलं. एका टप्प्यावर 18-9. गोन्झालेस तीस वर्षांचा होत आलेला, समोर सहा वर्षांनी लहान आणि त्याच्याइतकाच जोरात मारणारा माणूस. सगळ्यांना वाटलं, संपला.

इथे त्याने जे केलं ते प्रशिक्षक म्हणून मला सर्वांत भावतं. दौरा चालू असताना, रोज सामना असताना, त्याने आपल्या बॅकहँड रिटर्नमध्ये बदल केला. होड सर्व्हिस करून नेटकडे धावायचा, त्याच्या पायांशी खाली आणि जोरात चेंडू देता यावा म्हणून. चालू मोसमात फटका बदलणं म्हणजे काय, हे तुम्ही शिकवता म्हणून तुम्हाला सांगायला नको. आधी आठ-दहा दिवस सगळंच बिघडतं. त्यात होडची पाठ दुखायला लागली, हेही खरं आहे आणि ते लपवू नये. शेवटचा निकाल गोन्झालेस 51, होड 36. म्हणजे 18-9 नंतरच्या साठ सामन्यांपैकी याने 42 जिंकले. गोन्झालेस पुढे आयुष्यभर मानत राहिला की पूर्ण भरात असलेला होड हाच सगळ्यांत अवघड प्रतिस्पर्धी.

त्याचं दुबळं अंगही सांगतो. व्यावसायिकांची फ्रेंच स्पर्धा त्याला कधीच जिंकता आली नाही. लाल मातीवर त्याच्या सर्व्हिसची धार बोथट व्हायची आणि रोजवॉलसारख्याचं त्याच्याशी तिथे बरोबरीचं चालायचं. 1959 नंतरची काही वर्षं तर रोजवॉल त्याच्यापेक्षा सरस होता असं म्हणणाऱ्यांशी मी भांडणार नाही.

आता सर्व्हिसबद्दल, कारण तुमच्या मुलांना दाखवायची असेल तर हीच गोष्ट दाखवा. जुन्या चित्रफिती मिळतात. त्या काळच्या नियमानुसार रॅकेट चेंडूला लागेपर्यंत एक पाय जमिनीला टेकलेला ठेवावा लागे. आजच्यासारखी उडी मारून सर्व्हिस करायची सोय नव्हती. म्हणजे जो काही जोर आहे तो पायातून कमरेत, कमरेतून खांद्यात आणि खांद्यातून मनगटात असा साखळीनेच यायला हवा. गोन्झालेस सव्वासहा फूट उंचीचा. त्याचा टॉस, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू वर फेकणं, बघा: गरजेपेक्षा वर जात नाही, चेंडू खाली येण्याची वाट बघत हात थबकत नाही. डावा हात वर जातो, उजवा मागे जातो आणि दोन्हींत कुठे सांधा दिसत नाही. मी मुलांना आवाज बंद करून तीच चित्रफीत पाच-सहा वेळा दाखवतो आणि विचारतो, 'तो नेमका कुठे थांबला?' कुणालाच सांगता येत नाही, कारण तो थांबतच नाही. मग त्यांची स्वतःची सर्व्हिस मोबाइलवर दाखवतो. टॉस डोक्यावर दोन हात उंच, हात मागे जाऊन थिजलेला. त्यानंतर मला फारसं बोलावं लागत नाही.

1968 मध्ये व्यावसायिकांसाठी दारं उघडली. एप्रिलमध्ये इंग्लंडच्या बोर्नमथला पहिली खुली स्पर्धा झाली आणि तिथे हा चाळिशीला टेकलेला माणूस मार्क कॉक्स या हौशी खेळाडूकडून पाच सेटमध्ये हरला. वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. पण काही आठवड्यांतच, सगळ्यांत नावडत्या मातीवर, फ्रेंच ओपनमध्ये त्याने गतविजेत्या रॉय इमर्सनला हरवून उपांत्य फेरी गाठली.

आणि 1969 ची विम्बल्डन, पहिली फेरी. समोर पोर्तो रिकोचा 25 वर्षांचा चार्ली पासरेल, ज्याने खुद्द गोन्झालेसकडून धडे घेतले होते. गोन्झालेस 41 वर्षांचा, केसांत पांढरं. टायब्रेक, म्हणजे 6-6 झाल्यावर एका निर्णायक गेमने सेट संपवण्याची सोय, तेव्हा नव्हती. पहिला सेट 46 गेम चालला आणि पासरेलने तो 24-22 असा घेतला. अंधार पडत होता, गोन्झालेसने खेळ थांबवा म्हणून पंचांकडे पुन्हा पुन्हा मागणी केली, ती मानली गेली नाही. संतापून त्याने दुसरा सेट 1-6 असा सोडल्यासारखाच दिला आणि सेंटर कोर्टावरचे प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत असताना तो बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी येऊन 16-14, 6-3. पाचव्या सेटमध्ये 4-5 असताना स्वतःच्या सर्व्हिसवर 0-40. तीन मॅच पॉइंट (एक गुण गेला की सामनाच गेला, अशी वेळ) वाचवले. 5-6 ला परत 0-40, परत वाचवले. पुढे आणखी एक, असे एकूण सात. शेवटी 11-9. 112 गेम, 5 तास 12 मिनिटं. आदल्या संध्याकाळी ज्यांनी हुर्यो उडवली, तेच लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढे टायब्रेक आला, त्यामागे अशा सामन्यांचाही हात होता. विम्बल्डनच्या एकेरीतला सर्वाधिक गेमचा हा विक्रम 2010 मध्ये इस्नर आणि माहू यांच्या सामन्यापर्यंत टिकला.

जानेवारी 1970 मध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने रॉड लेव्हरला पाच सेटमध्ये हरवलं. लेव्हरने चारच महिन्यांपूर्वी चारही ग्रँड स्लॅम एकाच वर्षात जिंकल्या होत्या. जिंकणाऱ्याला 10 हजार डॉलर, हरणाऱ्याला काहीच नाही असा तो सामना होता.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. व्यावसायिक होणं चूक होती का? खेळाच्या दृष्टीने तो एक-दोन वर्षं घाईने गेला, हे 96-27 सांगतंच. पण ज्याच्या घरात मूल आहे आणि बापाकडे रंगाच्या ब्रशशिवाय काही नाही, त्याला 'आणखी दोन वर्षं थांब' असं मी सांगू शकलो नसतो. उलट उदाहरण आपल्याकडे आहे. आपल्या रामनाथन कृष्णन यांना क्रेमरने तीन वर्षांसाठी दीड लाख डॉलरचा करार देऊ केला होता. त्यांनी तो नाकारला, हौशी राहिले, 1960 आणि 1961 अशी सलग दोनदा विम्बल्डनची उपांत्य फेरी गाठली आणि 1966 मध्ये भारताला डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत नेलं. करार केला असता तर यातलं काहीच झालं नसतं. दोघांचेही निर्णय मला पटतात. दोघांची घरं वेगळी होती, हे मुलांना जरूर सांगा.

आणि त्या विद्यार्थ्याला एक शेवटचा सामना सांगा. 1971, लॉस एंजेलिस टेनिस क्लब, पॅसिफिक साउथवेस्ट स्पर्धेची अंतिम फेरी. पेरी जोन्स यांची हीच ती स्पर्धा आणि हाच तो क्लब, जिथे शाळा बुडवणाऱ्या पोराला त्यांनी येऊ दिलं नव्हतं. जोन्स आदल्या वर्षी वारले होते. समोर 19 वर्षांचा जिमी कॉनर्स, ज्याला तयार करत होता पांचो सेगुरा, 1954 च्या दौऱ्यात 30-21 असा हरलेला तोच सेगुरा. गोन्झालेस 43 वर्षांचा होता. पहिला सेट 3-6 गेला. पुढचे दोन त्याने 6-3, 6-3 जिंकले.